तुमसर–तिरोडीसारख्या खदानींच्या रेल्वेफाट्यांवर वाचायला काय आहे?

आजोळ_गोबरवाही

नमस्कार मंडळी. माझं आजोळ गोबरवाहीचं. तुमसर रोडहून तिरोडीला जाणाऱ्या फाट्यावरचं हे स्टेशन ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको. ज्यांनी नाही पाहिलं त्यांच्यासाठी: भंडारा जिल्ह्याचं उत्तर टोक, आजूबाजूला डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या मँगनीजच्या खाणी, आणि त्या मालासाठी टाकलेली एकेरी लाईन, जी पुढे मध्य प्रदेशात बालाघाट जिल्ह्यात शिरते. मी पुण्यात नोकरी करतो, पण या फाट्याचा इतिहास कुठेतरी नीट लिहून काढावा असं बरेच दिवस मनात आहे.

अडचण अशी की वाचायचं काय, तेच कळत नाही. भारतीय रेल्वेवरची दोन-तीन जाडजूड चित्रमय पुस्तकं घेतली. त्यात बोरीबंदर आहे, भोरघाट आहे, दार्जिलिंग आणि माथेरान तर असणारच, राजेमहाराजांचे सलून आहेत. विदर्भाच्या वाट्याला एक ओळ येते: १८६७ मध्ये गाडी नागपूरला पोचली. त्यानंतर विदर्भात जणू काही घडलंच नाही!

मला हवंय ते असं: खाणींसाठी टाकलेले फाटे का आणि कसे आले, आधी माल कसा जायचा, कोण भरायचं, कुठे उतरायचा. इंग्रजी चालेल, मराठीत असेल तर सोन्याहून पिवळं. फक्त माझ्याच फाट्यावरचं पाहिजे असं नाही. वणी, वरोरा, परासिया, उमरेड, अगदी बाहेरच्या देशातलं असलं तरी सांगा. अशा आडगावच्या खनिज-रेल्वेवर लिहितात कसं, हेही मला शिकायचं आहे.

कोपऱ्याची_सीट

ह्यू ह्यूज यांची ‘इंडियन लोकोमोटिव्ह्ज’ ही मालिका शोधा. चार भाग आहेत. पहिला ब्रॉडगेज, दुसरा मीटरगेज, तिसरा नॅरोगेज, चौथा १९४१ नंतरचा. कोणत्या कंपनीकडे कोणतं इंजिन, कोणत्या कारखान्यात, कोणत्या साली बनलं, सगळं तक्त्यात. बंगाल नागपूर रेल्वेचं पान उघडलं की तुमच्या भागात काय धावत असेल याचा अंदाज येतो. जुनी प्रत महाग मिळते, पण मिळते.

ब्रेकव्हॅन

गोबरवाहीवाले भाऊ, तुम्ही रेल्वेचं पुस्तक विचारून राहिले आणि मी सांगणार आहे दगडाचं. रागावू नका.

मी मालगाडीचा गार्ड होतो. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. २०२२ मध्ये नाव बदललं, मी त्याच्या आधीच घरी बसलो, म्हणजे आमचं नाव काही वाढलं नाही आणि पेन्शनही नाही. नोकरी सगळी नागपूर डिव्हिजनात. त्यातला बराच भाग देव्हाडीहून तिरोडीकडे रिकामी रेक, म्हणजे एकत्र जोडलेल्या वॅगन, नेण्यात आणि भरलेली आणण्यात गेला. (बाहेरच्यांसाठी: तुमसर रोड स्टेशन ज्या गावात आहे ते देव्हाडी. आम्ही स्टेशनालाही देव्हाडीच म्हणतो.) ड्युटीवर वाचायचं नसतं, पण साइडिंगला, म्हणजे माल भरायच्या बाजूच्या रुळावर, माल भरेपर्यंत माणसानं करायचं काय? तर वाचायचं.

वरच्या साहेबांनी सांगितलेली पुस्तकं चांगली आहेत, मी पाहिली आहेत. पण इंजिनाच्या पुस्तकात इंजिनच असते जी. चाकं किती, बॉयलर कोणाचा, नंबर काय. इंजिनामागे चाळीस वॅगन आहेत, त्यात काय आहे, ते कोणी भरलं, हे त्या लोकांच्या ध्यानीमनी नसते. तुमचा प्रश्न वॅगनमधल्या मालाचा आहे. म्हणून मालावरचं पुस्तक वाचा.

ते पुस्तक म्हणजे फर्मर. लुईस ली फर्मर, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला साहेब, १९०२ ला नोकरीत आला. १९०९ मध्ये सर्वेक्षणाच्या मेमॉयर्सचा ३७वा खंड म्हणून त्याचा ‘द मँगनीज-ओअर डिपॉझिट्स ऑफ इंडिया’ निघाला. हजाराच्या वर पानं. चार भाग. पहिल्या दोनांत खनिजं आणि भूगर्भ, तिसऱ्यात धंदा आणि खाणकाम, चौथ्यात जिल्ह्यावार एकेका ठिकाणाचं वर्णन. नवीन खनिजांना नावं देण्याची त्याला भारी हौस. छिंदवाड्याच्या सितापारवरून सितापाराइट असं एक नाव ठेवलं, ते पुढे जुन्याच बिक्सबाइटमध्ये जमा झालं. गोंडांच्या नावानं ठेवलेला गोंडाइट मात्र खडकाच्या पुस्तकात टिकला. हे सगळं तुम्ही सोडून द्या. तिसरा भाग उघडा.

तिथं खदानीपासून स्टेशनापर्यंत, स्टेशनापासून बंदरापर्यंत, बंदरापासून विलायतेपर्यंत एका टनाला काय खर्च येतो याचा हिशेब आहे. तुमच्या फाट्याचा जन्म त्या हिशेबात आहे. मँगनीज जड आणि त्या मानानं स्वस्त. सोनं असतं तर बैलगाडीनं नेलं तरी परवडलं असतं. नागपूर ते मुंबई रेल्वेनं ८३७ किलोमीटर, त्याच्या आधी खदान ते नागपूर वेगळं, आणि मग बोटीचं भाडं. आता यात खदान ते स्टेशन हा तुकडा लहान वाटतो ना? पण तोच मारतो. रेल्वेचं मैलाचं भाडं कमी, बैलगाडीचं कितीतरी जास्त, आणि पावसाळ्यात तर आपल्या धानाच्या बांध्यांतून गाडी निघतच नाही. म्हणून लाईनीजवळचा बरा माल आधी खणला गेला आणि लांबचा उत्तम माल फाटा येईपर्यंत जमिनीतच राहिला.

मग फाट्याला पैसा कोण लावेल? भाव चढला की सगळेच लावतात. त्या काळात मँगनीजचा मोठा पुरवठादार रशिया, माल कॉकेशसमधून यायचा. १९०५ मध्ये तिथं क्रांतीचा गोंधळ उडाला, माल अडकला, पोलादवाल्यांनी हिंदुस्थानकडे मोर्चा वळवला आणि भाव वर गेले. नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा या चार जिल्ह्यांत टेकडी-टेकडीवर माणसं दगड ठोकून पाहू लागली. कॉकेशसमध्ये संप झाला म्हणून गोबरवाहीजवळ खड्डा पडला, असं म्हटलं तर फार चुकत नाही.

मोठी लाईन मात्र त्याच्या आधीच तुमसर रोडवरून जात होती, आणि ती मँगनीजसाठी नव्हती. नागपूर–छत्तीसगढ रेल्वे म्हणून मीटरगेजवर ती १८८२ मध्ये राजनांदगावला पोचली. छत्तीसगढचं धान्य बाहेर काढायचं होतं, दुष्काळाची भीती होती. मग बंगाल नागपूर रेल्वे कंपनी आली, तिनं ती घेतली, रूळ मोठे केले आणि कलकत्त्याकडे नेली. म्हणजे मँगनीजवाले आले तेव्हा धान्याची लाईन तयार होती. त्यांनी तिला बाजूनं फाटा जोडून घेतला. जिथं नकाशावर मोठ्या लाईनीतून एखादी रेघ निघून डोंगरापाशी संपते, तिथं समजायचं की रेघेच्या शेवटी दगड आहे.

एक गोष्ट मी गार्ड म्हणून सांगतो. कोळशाची वॅगन काठोकाठ भरते. मँगनीजची भरलेली वॅगन वरून पाहाल तर अर्धीही नाही. प्लॅटफॉर्मवरची माणसं मला विचारायची, काय जी, अर्धे रिकामे डबे घेऊन चालले, रेल्वेला पैशाची गरज नाही का? आता त्यांना काय सांगावं! वजनाची हद्द आधी येते, डब्याचा काठ नंतर. आणि भरणाऱ्यानं चार पाट्या जास्त टाकल्या तर वॅगन काट्यावर पकडली जाते, दंड लागतो, माल उतरवावा लागतो. सगळा जीव त्या काट्यात असायचा. इंजिनाच्या पुस्तकात मी हे कधी वाचलं नाही.

फर्मर मजुरांवरही लिहितो. बाया हातोडीनं दगड फोडून साफ करायच्या, काळा माल वेगळा, गोटा वेगळा. मग मोजून चौकोनी ढीग लावायचे. पण साहेबाला माणूस टनामागे दिसतो. किती मजुरी पडली, किती माल निघाला, संपलं. तेवढं लक्षात ठेवून वाचायचं. दुसरा मार्ग नाही, कारण त्या काळचं एवढं बारीक दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेलं मला सापडलं नाही.

त्याच्या जोडीला जुनी गॅझेटियरं. भंडारा १९०८, नागपूर १९०८, छिंदवाडा १९०७, ही तिन्ही रसेल साहेबांची. बालाघाट १९०७, ते लो साहेबांचं. पातळ आहेत, चार दिवसांत होतात. भंडाऱ्याचं वाचताना फार आशा ठेवू नका, साहेबाचा जीव तलावांत आणि कोहळी मालगुजारांत अडकलेला आहे. पण त्यात मँगनीज किती थोडं येते, हेही पाहण्यासारखं आहे. धंदा तेव्हा नुकता कुठे वर आला होता.

आणि अजून एक, याला कोणी पुस्तक म्हणत नाही. वर्किंग टाइमटेबल. पब्लिकला विकतात ते नव्हे, आमचं घरातलं. त्यात कोणत्या स्टेशनात किती लाईनी, कोणती साइडिंग कोणाची, किती वॅगन मावतात, चढ कुठे, वेग किती, कोणत्या इंजिनाला किती भार, सगळं असते. वीस वर्षांच्या अंतरानं निघालेली दोन घ्या आणि शेजारी ठेवा. कोणती खदान उघडली आणि कोणती मेली ते साइडिंगच्या यादीत दिसते. रद्दीवाल्याकडे मिळतात, निवृत्त माणसांच्या पेटीत मिळतात.

शेवटचं. नागपूरला मोतीबागेत रेल्वेचं नॅरोगेज संग्रहालय आहे, २००२ मध्ये उघडलं. अवश्य जा, पण तिथं तिरोडी शोधू नका. तिरोडी फाटा मोठ्या रुळाचा. छोटा रूळ पलीकडे, बालाघाट–कटंगीला. तिकडचा माल गोंदियाला एका वॅगनमधून उतरवून दुसऱ्यात चढवावा लागायचा. तिरोडी आणि कटंगी, जवळजवळची गावं, दोन वेगळ्या मापांच्या लाईनींच्या टोकांना शंभरेक वर्षं एकमेकांकडे पाहत बसली होती. कटंगीचा रूळ मोठा झाला आणि दोन्ही जोडले गेले, ते आत्ता अलीकडे.

चांदा_मॅडम

ब्रेकव्हॅन काका, तुमचं सगळं मान्य, पण विदर्भातल्या खनिज-रेल्वेची गोष्ट मँगनीजपासून सुरू केलीत तर आम्ही चांद्याचे लोक कुठे जायचं? पहिला मान कोळशाचा आहे. वर्धा कोल स्टेट रेल्वे, वर्धा ते वरोरा. नावातच कोळसा, म्हणजे हेतू काय होता ते विचारायलाही नको. सरकारनं १८७१ मध्ये वरोऱ्याला खाण सुरू केली आणि त्याच दशकात वर्ध्याहून लाईन आणली. तोवर मुंबई–नागपूर गाडी दूरवरून आणलेल्या कोळशावर चालायची. वाटेत कुठे कोळसा मिळाला तर तो कंपनीला हवाच होता.

मी इतिहास शिकवते. वरोरा म्हटलं की मुलांना आनंदवन आठवतं, ते योग्यच आहे. पण गावाच्या पोटात खाण होती, हे वरोऱ्याच्याच मुलांना सांगावं लागतं. १९०६ मध्ये ती बंद झाली. तोपर्यंत बल्लारपूरला खाण सुरू झालेली होती, लाईन पुढे सरकत तिकडे गेली, आणि १९२९ मध्ये बल्लारशाह–काझीपेठ जोडलं गेल्यावर हाच कोळशाचा फाटा दिल्ली–मद्रास हमरस्त्याचा तुकडा झाला. आज वरोऱ्यावरून तमिळनाडूकडे जाणाऱ्या गाडीत बसलेल्या किती जणांना माहीत असेल की ते एका खाणीच्या साइडिंगवरून चाललेत?

वाचायचं काय? भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्याच मेमॉयर्समध्ये १३वा खंड, १८७७, ‘द वर्धा व्हॅली कोलफील्ड’, लेखक टी. डब्ल्यू. एच. ह्यूज. वरच्या इंजिनवाल्या ह्यूजशी गल्लत करू नका, शोधताना दोघं एकमेकांच्या पायात येतात. त्यात बोअर कुठे मारले, कोळसा किती खोल लागला, हे सगळं आहे. त्यानंतर १९०९ चं चांदा जिल्ह्याचं गॅझेटियर, खाण बंद पडल्यावर लगेचच निघालेलं.

आणि टाटांवरची चरित्रं! कोणाला वाटेल यात त्यांचा काय संबंध. जमशेटजींची एम्प्रेस मिल नागपूरला १८७७ मध्ये सुरू झाली. १८८२ मध्ये फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचण्यात आला: चांदा जिल्ह्यात लोहाऱ्याला उत्तम लोखंडाचा दगड आहे आणि जवळच वरोऱ्याचा कोळसा. त्यांनी तो कोळसा जर्मनीत तपासून घेतला. पोलादाच्या भट्टीला तो चालण्यासारखा निघाला नाही. नाहीतर टाटानगर आमच्या जिल्ह्यात असतं. पुढे पोराने, दोराबजींनी, नागपूरच्या संग्रहालयात, म्हणजे अजब बंगल्यात, भिंतीवर भूगर्भाचा एक रंगीत नकाशा पाहिला, त्यात दुर्ग जिल्ह्यात लोखंडाच्या खुणा होत्या. ती ढल्ली-राजहऱ्याची टेकडी. आज तिचा दगड रेल्वेनं भिलाईला जातो. म्हणजे अजब बंगल्यातला एक नकाशा, आणि त्यातून पुढे एक पूर्ण रेल्वेमार्ग. मला ही गोष्ट वर्गात सांगायला फार आवडते.

एक तक्रारही नोंदवते. जुने अहवाल बघायला मी एका सरकारी ग्रंथालयात गेले, तर तिथले गृहस्थ म्हणाले, ‘मॅडम, परीक्षेला येतं का हे?’ आंतरजालावर स्कॅन केलेल्या प्रती मिळतात, तिथूनच सुरुवात करा. अपमान कमी होतो.

सिरोंचा_फास्ट

मॅडम, आता गडचिरोलीतल्या सुरजागडचा लोखंडाचा दगड ट्रकनं जातोय आणि आमच्या रस्त्याची चाळण झालीय. वडसा–गडचिरोली लाईनचं काम चालू आहे. शंभर वर्षांनी कोणी तिच्यावरही पुस्तक शोधेल, तेव्हा धुळीवर एक प्रकरण घाला म्हणावं.

लेस्टरहून

‘आडगावच्या खनिज-रेल्वेवर लिहितात कसं’ या प्रश्नाचा मी पाठलाग केलेला आहे, म्हणून लिहितोय. मूळचा बार्शीचा, आता इंग्लंडात लेस्टरला.

इथं माझ्या आजूबाजूला, नॉर्थम्प्टनशर, रटलंड, लिंकनशर या शेतीच्या जिल्ह्यांत लोखंडाचा दगड निघायचा. शेताखालीच, फार खोल नाही. वरची माती बाजूला करायची, दगड काढायचा, पुन्हा माती पसरून शेती. प्रत्येक खाणीची स्वतःची छोटी लाईन, ती जवळच्या मोठ्या लाईनीला जोडलेली. कॉर्बीचं पोलाद बनवणं १९८० मध्ये थांबलं आणि हे जगही संपलं. रटलंडमध्ये कॉट्समोरला ‘रॉक्स बाय रेल’ नावाचं छोटं संग्रहालय आहे, तिथं खाणीतली इंजिनं आणि वॅगन जपून ठेवल्यात. ब्रेकव्हॅन काकांना आवडेल, वॅगनला तिथं मान आहे.

या सगळ्यावर एरिक टॉन्क्स या माणसानं ‘द आयर्नस्टोन क्वॉरीज ऑफ द मिडलँड्स’ ही मालिका लिहिली, नऊ भाग. जिल्ह्यावार, खाणीवार. जमीन कोणाची, दगड कोणत्या थरातला, कोणत्या कंपनीनं घेतली, रूळ कुठून कुठे, माप काय, इंजिनं कोणती, बंद कधी. सोबत हातानं काढलेले नकाशे. ओळीनं वाचायला बसलात तर झोप येईल, खरं सांगतो. पण खाणीच्या जागी उभं राहून त्या खाणीचं पान उघडलं की समोरच्या गव्हाच्या शेतात, आजूबाजूच्या रस्त्यापेक्षा खाली गेलेल्या जमिनीत, लाईन कुठून जात होती ते दिसतं. गोबरवाहीसाठी हा साचा उचला: एक खाण, एक पान, एक नकाशा. इतिहास लिहायचा म्हणून १८५३ पासून सुरुवात करू नका, ठाण्याची गाडी आता पोचली असं समजा!

उलट दिशेचं उदाहरण वेल्सचं. टालिथलिन रेल्वे, १८६५, पाटीच्या दगडासाठी टाकलेली. खाण १९४६ मध्ये ढासळून बंद पडली, मालक १९५० मध्ये वारले, आणि १९५१ पासून हौशी लोकांनी ती चालवायला घेतली. हौशी मंडळींनी वाचवून चालवलेली जगातली पहिली रेल्वे म्हणून तिचं नाव घेतात. एल. टी. सी. रोल्ट यांचं ‘रेल्वे ॲडव्हेंचर’ हे १९५३ चं पुस्तक त्याच खटपटीवर आहे. भाषा फार देखणी, मी दोनदा वाचलंय. पण ती गाडी वाचवणाऱ्यांची गोष्ट आहे, पाटी फोडणाऱ्यांची नाही. इथं अशा पुस्तकांचा डोंगर आहे. ओकवुड प्रेससारख्या छोट्या प्रकाशकांनी एकेका फाट्यावर पुस्तकं काढली. त्यातली निम्मी वाफेच्या प्रेमात पडलेल्यांनी लिहिलीत. प्रेम चांगलं, पण खाणीतला माणूस वाफेत दिसेनासा होतो.

जाता जाता माझ्या गावचं. बार्शी लाईट रेल्वे खनिजाची नव्हे, कापसाची आणि पंढरीच्या वारकऱ्यांची, तरी सांगतो. ती उभारणारा एव्हरार्ड कॅल्थ्रॉप, १८९७. त्यानंतर त्याच माणसानं इथं स्टॅफर्डशरच्या डोंगरात लीक–मॅनिफोल्ड लाईन काढली, १९०४ मध्ये, बार्शीच्याच मापाची, अडीच फुटी. इंजिनं लीड्सच्या किटसनची, बार्शीसारखीच. तिथं इतके मोठे हेडलाइट कशाला, असं इंग्रज लोक अजून विचारतात. ती लाईन १९३४ मध्ये बंद झाली, तिच्या जागी आता चालायची वाट आहे. मी तिथं जाऊन सोलापुरी चटणीची भाकरी खाल्ली आहे.

आजोळ_गोबरवाही

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. फर्मर उतरवून घेतला. पहिली पन्नास पानं चाळली आणि खनिजांच्या रासायनिक सूत्रांपाशी अडकलो, तेव्हा काकांचं ‘सोडून द्या’ आठवलं.

काका, दोन प्रश्न. एक, डोंगरी आणि चिखला पुस्तकात शोधताना नावं सापडत नाहीत, काय करू? दुसरा, मामेभावाच्या ओळखीनं खाणीतून निवृत्त झालेल्या काही आजी-आजोबांना भेटता येईल. त्यांना काय विचारू? मागे एकदा एका आजींना ‘तेव्हा कसं होतं’ विचारलं तर म्हणाल्या, ‘कसं असणार, तसंच होतं.’

ब्रेकव्हॅन

आजीचं उत्तर बरोबर आहे. प्रश्न फार मोठा विचारला तुम्ही.

आधी नावांचं. इंग्रजांनी आपली गावं जशी कानावर आली तशी लिहिली. एकच नाव एका साहेबानं एक लिहिलं, दुसऱ्यानं दुसरं, कंपनीनं तिसरं. आजच्या इंग्रजी पाटीवरचं नाव टाकून शोधाल तर अर्धं निसटेल. म्हणून शोधूच नका. चौथ्या भागातलं भंडारा जिल्ह्याचं प्रकरण काढा आणि ओळीनं वाचा, ते काही फार लांब नाही. शेजारी सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा ठेवा. तुमसर, गोबरवाही, तिरोडी हा सगळा पट्टा ५५ ओ या शीटखाली येते. गावाचं नाव नाही पटलं तर नदीवरून, टेकडीवरून, शेजारच्या गावावरून पटते. बावनथडी काही जागची हलली नाही.

कंपन्यांची नावंही लिहून ठेवा, नाहीतर गोंधळ होते. १८९६ ची सेंट्रल प्रोव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट, तीच पुढे सेंट्रल प्रोव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी, म्हणजे सीपीएमओ. १९६२ मध्ये मँगनीज ओअर इंडिया निघाली, तिच्यात ५१ टक्के केंद्र सरकार आणि मध्य प्रदेश, महाराष्ट्र या दोन राज्यांचे, ४९ टक्के सीपीएमओचे. १९७७ ला ते ४९ सुद्धा सरकारनं घेतले. आताची मॉइल तीच. म्हातारी माणसं तुम्हाला ‘शिपीएमो’ म्हणतील, तेव्हा समजा की गोष्ट १९६२ च्या आधीची आहे किंवा आपल्या बापाकडून ऐकलेली आहे. तारीख विचारायची गरज नाही, कंपनीच्या नावावरून तारीख निघते.

आता आजीला काय विचारायचं. वॅगन भरायची तेव्हा पैसे वॅगनवर मिळायचे की रोजावर? एका वॅगनला किती बाया लागायच्या? फळी लावून चढायचं की धक्क्यावरून टाकायचं? पाटी कोणाची, स्वतःची की ठेकेदाराची? रेक रात्री लागली तर बोलवायला कोण यायचं? मुकादम कुठल्या गावचा? पाऊस असला तर मजुरी बुडायची का? रिकामी रेक आली नाही तर ढिगावर ढीग लागायचे, तेव्हा काम बंद व्हायचं की चालू राहायचं? असं हातातलं विचारलं की आजी थांबत नाही, तुमचा कागद संपेल. मला हे माहीत आहे कारण रात्री रेक लागली की गाडीच्या त्या बाजूला त्या असायच्या आणि या बाजूला मी, कंदील घेऊन.

डोंगरीचा माल बॅटरीच्या सेलमध्ये जायचा, तेही विचारा. खूप जणींना ते पक्कं माहीत आहे आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. पोलादाचं कोणी सांगत नाही, सेलचं सगळ्या सांगतात. तिथंच पुढे मँगनीज डायऑक्साइडचा कारखाना आला म्हणून असेल.

एक सावधगिरी. साइडिंगमध्ये कॅमेरा काढण्याआधी स्टेशन मास्तरला आणि खदानीच्या ऑफिसात विचारा, लेखी घ्या. फुकट हटकतील आणि दिवस जाईल.

माझ्याकडे वर्किंग टाइमटेबलं आहेत, जुनी, दोन-तीन पानं उंदरानं खाल्लेली. देणार नाही, पण बसून उतरवून घ्या. दिवाळीत मी पोरीकडे रायपूरला असतो, त्याच्या आधी किंवा नंतर या. इथं व्यक्तिगत निरोप टाका, म्हणजे देव्हाडीला उतरून कुठे यायचं ते सांगतो. टॉन्क्सवाल्या साहेबांनी सांगितलं तसं कोरे कागद आणा, एका खदानीला एक, आणि पेन्सिल आणा. पेन नको, दहा वेळा खोडावं लागते.